पाय परत मिळाले, मग रस्ता मागितला

मी शहादा आगारात एसटीची कंडक्टर. नाव रेखा. नवरा सुभाष, त्यांची घराच्या पुढच्या भागातच पिठाची गिरणी. मुलगी कोमल लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. असं आमचं तिघांचं घर.

ज्या आजारातून मी उठले, त्याला गुलेन बॅरी म्हणतात. अंगातल्या नसाच सुस्तावतात आणि पायांपासून सुरू होऊन वरपर्यंत अंगातली ताकद नाहीशी होत जाते. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही, ते डॉक्टर सांगतील. पण हा आजार झालेल्या एका बाईला परवा कोणीतरी माझा नंबर दिला. तिचा आवाज ऐकला आणि मला माझाच तेव्हाचा आवाज आठवला. तिच्याशी फोनवर जेवढं बोलता आलं नाही, ते लिहून ठेवते आहे.

पायरी

आधी साधे जुलाब झाले होते. बरे झाले, मी ड्युटीवर गेले. नंदुरबारहून गाडी परत येत होती. प्रकाशा गावच्या पुलावर पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, उभं राहून राहून आल्या असतील. आमच्या धंद्यात पाय दुखणं ही काय सांगायची गोष्ट आहे?

शहाद्याच्या स्टँडवर सगळे प्रवासी उतरल्यावर मी उतरायला लागले आणि शेवटच्या पायरीवर गुडघा दुमडला. खाली पडले. दोन बायकांनी उचललं.

"मॅडम, चक्कर आली का?"

चक्कर नव्हती. डोकं अगदी स्वच्छ होतं. फक्त पाय माझं ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गॅसवरून चहाचं भांडं उचलताना हात थरथरला. तेव्हा मात्र सुभाष गिरणीचा पट्टा थांबवून, पिठाच्या अंगानेच मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं. तोही नाही. डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं.

"सुरतेला न्या. आजच."

"उद्या सकाळी निघालो तर?" ह्यांनी विचारलं.

"सकाळची वाट बघू नका."

अँब्युलन्समध्ये कोमल माझ्या पायाशी बसली होती. ती तळवे चोळत होती आणि मला ते अर्धंमुर्धंच कळत होतं. हे डोक्याशी होते. आमचं बोलणं घरी अहिराणीतच. ते एकच वाक्य परत परत म्हणत होते, "भ्यावू नको. मी आठेच शे." इथेच आहे म्हणून.

मी आयुष्यभर लोकांना जागेवर पोचवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी पोचवत होतं.

एका श्वासात

सुरतेच्या हॉस्पिटलात पाठीत सुई घालून पाणी काढलं, नसांची तपासणी केली. आजाराचं नाव तिथे कळलं. डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलायचे. म्हणाले, "आजार वर चढतोय. श्वासापर्यंत गेला तर मशीन लावावं लागेल. पण बहुतेक लोक यातून बरे होतात. हळूहळू, पण होतात."

कोमलने त्यातलं शेवटचं वाक्य धरून ठेवलं. मी मशीनवालं.

श्वासाची ताकद मोजायला डॉक्टर सांगायचे, एक मोठा श्वास घ्या आणि जमेल तिथवर आकडे म्हणा. आकडे म्हणताना मी घाबरून अडखळायचे. मग एकदा मी आमच्या गाडीचे थांबे म्हणायला लागले. शहादा, डोंगरगाव, प्रकाशा... डॉक्टरांना काही कळेना. कोमलने समजावलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "चलेगा. रोज़ यही बोलिए."

एक दिवस असा आला की प्रकाशाच्या पुढे श्वास गेला नाही. सुभाष बाहेर जाऊन उभे राहिले. मला ते काचेतून दिसत होते, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी मला अतिदक्षता विभागात हलवलं.

तिथल्या भीतीबद्दल खरं सांगते. मरणाची भीती वाटली, पण त्याहून मोठी भीती अशी होती की मी अशीच राहीन. डोळे उघडे, डोकं शाबूत, आणि नाकावर बसलेली माशी उडवायला कोणाला तरी हाक मारावी लागेल. आणि हाकही निघणार नाही.

पण मशीन लागलं नाही. महागडी औषधं सलाइनमधून जात राहिली, आणि ताकदीची घसरण तिथेच थांबली. मग एके सकाळी थांबे म्हणताना मी थेट नंदुरबारला पोचले. डॉक्टरांनी टाळी वाजवली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही, कशाची टाळी ते न कळता, वाजवली.

ज्यांची नावं मला माहीत नाहीत

तिथल्या एक सिस्टर गुजराती होत्या. केस विंचरून द्यायच्या. हे त्यांचं काम नव्हतं. बाईमाणसाला गुंतलेल्या केसांनी किती खचल्यासारखं वाटतं, हे त्यांना न सांगता कळलं होतं. वेणी घालताना म्हणायच्या, "गभराशो नहीं, बेन."

कॅन्टीनमधून एक बाई रोज पातळ खिचडी आणून देत. आमच्या आगारातले ड्रायव्हर सुरतेला गाडी घेऊन आले की वर येऊन डोकावून जात. खाकी कपड्यातलं माणूस दाराशी दिसलं की मला वाटायचं, माझी ड्युटी अजून कुठेतरी चालू आहे.

आजारपणात मोठ्या उपकारांपेक्षा हे लहान उपकार जास्त लक्षात राहतात. या सगळ्यांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून इथे मानते.

घर ते दवाखाना

घरी आले ती वॉकर घेऊन. पायांत जोर येत होता, पण लहान मुलाच्या पायांसारखा. शहाद्यात नेहा मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. त्या धुळ्याच्या. दवाखाना आमच्याच रस्त्यावर, थोडं पुढे आणि पलीकडच्या बाजूला. सुरुवातीला सुभाष रिक्षाने न्यायचे. पुढे मॅडम म्हणाल्या, "रेखाताई, आता चालत या. येणं-जाणं हाच तुमचा व्यायाम."

मी खूष झाले. चालत जायचं! कोमल सोबत निघाली.

घराबाहेर पडलो आणि लगेच अडलो. चालायचं कुठून? कडेला गटार. काही ठिकाणी त्यावर फरशी, काही ठिकाणी भगदाड, काही ठिकाणी दुकानांच्या पायऱ्या आणि ओटे. जिथे मोकळं होतं तिथे मोटारसायकली लावलेल्या. म्हणजे रस्त्यावर उतरायचं. रस्त्यावर उसाचा हंगाम. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वरून लोंबणारा ऊस, मोठ्याने लावलेली गाणी. त्यांच्या मधून शाळेच्या व्हॅन, अ‍ॅपे, आणि आमच्या एसट्या.

इतकी वर्षं हा रस्ता मी बसच्या खिडकीतून बघितला होता. वरून तो केवढा रुंद दिसायचा.

रस्ता ओलांडताना मधोमध आले आणि दोन्हीकडून गाड्या आल्या. कोमलने माझा दंड धरला. मागून हॉर्न वाजला. पुढे पाऊल पडेना, मागे वळता येईना. ट्रॉलीवरच्या उसाचे शेंडे खांद्याला घासून गेले. सुरतेच्या खाटेवर डोळ्यांत पाणी आलं नव्हतं एवढं तिथे आलं.

केळीची लोटगाडी घेऊन एक बाई कडेने चालली होती. तिने गाडी सरळ रस्त्यात आडवी घातली आणि ओरडली, "ए भाऊ, थांब! तुले दिखत नही का? बाई उभी शे!"

सगळी वाहनं थांबली. आम्ही पलीकडे गेलो. वळून तिला हात करेपर्यंत ती पुढे निघूनही गेली होती.

दवाखान्यात पोचल्यावर मी मॅडमना म्हटलं, "उद्यापासून रिक्षानेच येईन."

सगळ्यांचं तेच

दवाखान्यात दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालायचा सराव चालायचा. माझ्या आधी गुलाबआप्पांची पाळी असे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, लकव्याने उजवी बाजू गेलेली. जीभही जड झालेली, एकेक शब्द ढकलून बोलायचे. पण चालायचे छान. मी एकदा त्यांचं कौतुक केलं.

ते म्हणाले, "आठे... चाली लेस मी. दारबाहेर गया का... पाय भ्यातस."

बाकावर बसलेल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक काकू म्हणाल्या, त्या महिनोन्‌महिने देवळात गेल्या नाहीत. पोलिओचा पाय असलेली एक मुलगी म्हणाली, तिने क्लास सोडला. प्रत्येकाला आपापल्या घरी वाटत होतं की आपलंच शरीर कमी पडतंय.

नेहा मॅडम हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "मी तुम्हाला चालायला शिकवते आणि तुम्ही घरी जाऊन बसता. मग मी शिकवते कशाला?"

त्या चिडल्या होत्या, आमच्यावर नाही. मी म्हटलं, "नगरपालिकेत जाऊ या."

"कोण जाणार?"

"आपणच. चालत."

मुख्याधिकारी खाली आले

आम्ही थोडेच होतो. दोन वॉकर, काही काठ्या, खुब्यावाल्या काकूंना धरून त्यांची सून, कोमल आणि तिच्या मैत्रिणी. घोषणा नाहीत, फलक नाहीत. फक्त रस्त्याच्या कडेने, जिथून माणसाने चालायला हवं तिथून, चालत निघालो. जिथे वाट अडली तिथे थांबलो. एका मोबाइलच्या दुकानदाराने न सांगताच आपली पाटी उचलून आत घेतली. दुसऱ्याने विचारलं, "बिमार माणसांनी घरी बसावं ना, कशाला निघायचं?" आप्पांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि काठी पुढे टाकली. आमच्या मागे गाड्या तुंबल्या. हॉर्न वाजले, पण मुलींनी दोन्ही बाजूंनी हात पसरले होते.

नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांचं दालन वरच्या मजल्यावर. आम्ही जिन्याकडे बघत उभे राहिलो. शिपायाने वर जाऊन सांगितलं असावं, साहेब स्वतः खाली आले. हा त्यांचा चांगुलपणा मी विसरणार नाही. खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तो रस्ता आमचा नाही, बांधकाम खात्याचा आहे."

नेहा मॅडमनी विचारलं, "आणि गटार कोणाचं?"

"गटार नगरपालिकेचं."

"मग गटारापासून सुरुवात करा."

साहेब हसले. तरी टाळाटाळीचा सूर काही गेला नव्हता. तेवढ्यात गुलाबआप्पा उठून उभे राहिले. त्यांना काही बोलायचं होतं. तोंड वाकडं होऊन शब्द अडकला. कोमल त्यांच्याऐवजी बोलायला गेली, साहेबांनी तिला हातानेच थांबवलं.

"साहेब... मले... समोर... चहा पेवाले... जावानं शे."

एवढंच. त्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. निवृत्त झाल्यापासून ते रोज तिथे बसायचे. लकवा झाल्यापासून गेले नव्हते.

साहेबांनी आप्पांना हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "उद्या माणसं पाठवतो मोजमापाला."

आम्ही निघालो तेव्हा 'घरी बसावं' म्हणणारा तो दुसरा दुकानदार आमच्यामागून येऊन नगरपालिकेच्या दारातच उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आधी गिरणीचा ओटा मोडा म्हणावं, मग आमच्याकडे बघा."

तो माझ्याशीच बोलत होता. आणि त्याचं खरं होतं. आमच्या गिरणीचा ओटा गटार ओलांडून रस्त्यापर्यंत गेलेला होता.

घरातलं भांडण

सुभाषना मी सांगितलं. ते पीठ चाळत होते, चाळणी ठेवली.

"जीव वाचना तेच मोठं शे. आते गावनं भांडण काबर घरमा लई येस?"

त्यांचंही चूक नव्हतं. ओट्यावर लोक धान्याचे डबे ठेवतात, म्हातारी माणसं टेकतात, गप्पा होतात. ओटा नसला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीवर जाणार. आणि माझ्या आजारात या माणसाने काय काय झेललं होतं! गिरणी बंद ठेवून सुरतेच्या जिन्यांवर झोपले. मला उचलून बाथरूमला नेलं. आता कुठे घर रुळावर येत होतं आणि मी त्यांच्या हाताखालची जागाच काढून घ्यायला निघाले होते.

आमचं बोलणं बंद झालं. आजारपणात आम्ही एकदाही भांडलो नव्हतो, ते सगळं भांडण तेव्हा न बोलता झालं. कोमल एकीकडून मला ताट वाढायची, दुसरीकडून त्यांना. मला वाटलं, सोडून द्यावं. आप्पांना रिक्षा करून देऊ चहाला.

पण व्यायामाला तर जायचंच होतं. एका सकाळी मी एकटीच वॉकर घेऊन निघाले. दारातून बाहेर, आणि ओटा असल्यामुळे लगेच रस्त्यावर उतरावं लागलं. वॉकरचे पुढचे पाय खाली, मग माझे. तेवढ्यात ट्रॉली आली. ड्रायव्हरने बघितलं होतं, त्याने बाजूही दिली. तरी मी ओट्याला पाठ लावून, डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तेव्हा सुभाष गिरणीच्या दारात होते. पट्टा चालूच होता, दाणे संपून नुसतं जातं फिरत होतं. मी दवाखान्यात गेले.

परत आले तर ते कोमलला म्हणत होते, "गवंडीले बलाव."

ओटा मोडला. त्यांनी गिरणीची आतली भिंत मागे सरकवली, डबे ठेवायला आत जागा केली. आमची बसायची खोली त्यात अर्धी झाली. काही गिऱ्हाइकं खरंच गेली, ते खोटं सांगत नाही. पण संध्याकाळी मोकळ्या झालेल्या जागेत उभं राहून ते त्या दुकानदाराच्या दुकानाकडे बघत म्हणाले, "मन्हा ओटा गया. आते कोण काय बोलस ते देखसू."

मला हसू फुटलं. मग त्यांनाही. किती दिवसांनी हसलो!

काय झालं, काय नाही

आमच्या बाजूने स्टँडपर्यंत गटारावर सलग फरशा बसल्या. बांधकाम खात्याने दवाखान्यासमोर गतिरोधक केले आणि पांढरे पट्टे मारले. तो दुसरा दुकानदार शेवटपर्यंत कुरकुरला, पण पायऱ्या त्यानेही आत घेतल्या. आप्पांनी कारखान्यातल्या जुन्या ओळखीने ऊसवाहतुकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं की दवाखान्याजवळ गाडी हळू घ्या. त्यांना ते बोलायला बराच वेळ लागला म्हणे, पण कोणी मधे तोडलं नाही.

पलीकडच्या बाजूची वाट अजून झालेली नाही. पट्टे एका हंगामात पुसट झाले. साहेबांची बदली झाली, नव्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मोटारसायकली अजूनही फरशीवर लागतात. कोणाशी ना कोणाशी रोज हसून बोलावं लागतं, "भाऊ, जरा सरकवता का?" बहुतेक जण सरकवतात. हेही मी उपकारातच धरते.

ज्यांना हा आजार आत्ता झाला आहे त्यांना एवढंच सांगेन. ताकद परत येते. पण ती यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात तुम्हाला वाटेल की तुम्ही सगळ्यांच्या वाटेत आहात. घरच्यांच्या, गाड्यांच्या, गावाच्या. तसं नसतं. वाट तुमचीही आहे. आणि तुमच्यासाठी ती मोकळी करायला कोणीतरी लोटगाडी आडवी घालतंच.

पट्ट्यांवर

आगाराने मला सध्या चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. काठी घेऊन चालत जाते. एका दुपारी घरी परत येताना पांढऱ्या पट्ट्यांपाशी थांबले होते. धडगावच्या गाडीतून उतरलेली एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. डोंगरातली असावी. डोक्यावर गाठोडं, रस्त्याकडे बघून बावरलेली. ती माझ्याशी काहीतरी बोलली. तिची पावरी बोली मला नीट कळली नाही. मग तिने सरळ माझा दंड धरला आणि हनुवटीने पलीकडे दाखवलं.

माझी काठी दुसऱ्या हातात होती. तिला ती दिसली नसावी, किंवा दिसूनही तिला काही वाटलं नसावं. एक बाई उभी आहे, हिला रस्ता माहीत आहे, ही आपल्याला नेईल, एवढंच तिच्या मनात.

मी हात वर केला. ट्रॅक्टर थांबला, त्याच्यामागे अ‍ॅपे थांबली. मी तिला म्हटलं, "चाला माय." आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून, माझ्या चालीने, रस्ता ओलांडला.